धाकट्यांची हजेरी

हजेरीमावशीने दार ठोकलं की आतल्या माणसापुढे दोनच वाटा असत. उघडायचं, नाहीतर श्वास रोखून गप्प बसायचं. गप्प बसणाऱ्यांचा निभाव लागत नसे. मावशी सरळ पायरीवर फतकल मारायची, पिशवीतून विणकाम काढायची आणि समोरच्या दारातल्या बाईशी गप्पा सुरू करायची. विषय काहीही, गळक्या टाकीपासून कोणाच्या तरी नव्या सुनेपर्यंत. गप्पा अशा रंगायच्या की आत लपलेल्याला राहवायचं नाही. दार आधी बोटभर उघडायचं, मग वीतभर, आणि बघता बघता मावशी आत खुर्चीवर बसून पाणी मागत असायची.

कागदावर तिचं पद 'उपस्थिती सहायक' असं होतं. एवढं लांबलचक नाव घेऊन कोण हाक मारणार? मुलांनी तिची हजेरीमावशी केली, मुलांच्या आयांनी तेच उचललं, आणि पुढे पुढे तर शाळेचा कारकूनसुद्धा पगाराच्या दिवशी 'हजेरीमावशी, इथे सही' म्हणू लागला. काम सांगायला सोपं होतं. जे मूल शाळेत आलं नाही त्याच्या घरी जायचं, का आलं नाही ते विचारायचं, आणि उद्या ते येईल असं बघायचं. करायला मात्र कंबरडं मोडणारं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. 'गावातल्या सगळ्या लिफ्ट माझ्याकडे आणि सगळे जिने हिच्याकडे' असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. त्यात खोटं काही नव्हतं. शाळेच्या आसपासच्या इमारतींना लिफ्ट नावाची गोष्टच नव्हती, आणि शाळा बुडवणारी मुलं, का कोण जाणे, नेहमी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायची. मावशी ठेंगणी, अंगाने भरलेली. तिसऱ्या मजल्यानंतर ती जिन्यालाच उद्देशून काहीबाही बोलायची, ते मुलांच्या कानावर न पडलेलं बरं.

ती स्वतः पाचवीपर्यंत शिकली होती. आई बाटल्या धुण्याच्या कारखान्यात, बाप घरात असून नसल्यासारखा, आणि पाठची तीन भावंडं. ही थोरली. सगळ्यात धाकटा जन्मला तेव्हा आईने तो हिच्या कडेवर दिला आणि कामाला गेली. शाळेतून हिला कोणी काढलं नाही, जाऊ नको असंही कोणी म्हटलं नाही. एक दिवस गेली नाही, दुसऱ्या दिवशी गेली नाही, आणि मग बाकावरच्या तिच्या जागी दुसरीच कोणी बसू लागली. पोरी, आहेस कुठे, असं विचारायला दारात कोणी आलं नाही. हे ती कधी रडत सांगायची नाही. उलट हसायची. "आलं असतं कोणी, तर मीसुद्धा दार लावूनच बसले असते," म्हणायची. पुढे ती शाळेत झाडलोटीला लागली, आणि मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, तिचं तोंड किती चालतं ते बघून तिला हे दारं ठोकायचं काम दिलं. ते ती ज्या हट्टाने करायची तो हट्ट कुठून आला होता, हे सांगायला ज्योतिषी नको.

शाळा सरकारी. एका बाजूला गोदामांची रांग, दुसऱ्या बाजूला मोठी धुलाई. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी जिथे दिवसभर उकळत्या पाण्यात घुसळतात, ती लांबलचक इमारत म्हणजे धुलाई. शाळेतल्या निम्म्या मुलांच्या आया तिथे कामाला. त्यांची पाळी उजाडायच्या आत सुरू व्हायची आणि दुपारी सुटायची. घरी येईस्तोवर त्यांचे हात वाफेने सुजून लाल झालेले असत.

शिक्षण कार्यालय दरवर्षी सगळ्या शाळांच्या निकालाचा रंगीत तक्ता काढायचं. उत्तम शाळा हिरव्या, बऱ्या पिवळ्या, उरलेल्या लाल. टेकडीवरच्या वस्तीतल्या शाळा कायम हिरव्या. तिथल्या मुलांना घरी स्वतःचं टेबल, टेबलावर दिवा, आणि दिव्याशेजारी शिकवणीचे मास्तर. ही शाळा कायम लाल. तक्ता लागला की कार्यालयातून कोणीतरी साहेब यायचे, शिक्षकांना एका खोलीत बसवून अध्यापन परिणामकारक कसं करावं ते समजावायचे, चहा प्यायचे आणि निघून जायचे. शिक्षक काही कामचुकार नव्हते. पण वर्गात निम्मी बाकं रिकामी असताना परिणामकारक शिकवणार कोणाला, भिंतीला?

बाकं कोणाची रिकामी असत, हे मावशीला पाठ होतं. टारगट पोरांची नव्हे. ती न चुकता यायची, कारण टारगटपणा बघायला लोक शाळेतच भेटतात. रिकामी असायची ती थोरल्या मुलींची. शहाण्या, नीटनेटक्या, मान खाली घालून लिहिणाऱ्या मुली. आज आल्या तर उद्या नाहीत, उद्या आल्या तर परवा नाहीत. त्यांच्या दाराशी पोचल्यावर मावशीला काही विचारावंच लागायचं नाही. आत एक धाकटं असणार, हे तिला पहिल्या जिन्यावरच कळलेलं असायचं.

असंच एक दार एका सकाळी ताईने उघडलं. ताई म्हणजे सहावीतली एक काटकुळी मुलगी. भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून आई म्हणायला लागली, म्हणून जिन्यातले सगळे, आणि शेवटी शाळेत तिच्याहून मोठी मुलंसुद्धा.

"आई?" मावशीने विचारलं.

"कामावर."

"आणि तू शाळेत का नाहीस?"

"बरं नाहीये."

"कोणाला?"

ताईने जरा विचार केला. "मला. पोट दुखतंय."

तेवढ्यात तिच्या मागून एक गोलमटोल पोरगा रांगत, धरत, उठत आला. हातात पातेल्याचं झाकण. त्याने मावशीकडे नीट बघितलं आणि तोंड उघडलं. मावशीने आयुष्यात रडणारी मुलं काही कमी पाहिली नव्हती, पण हा आवाज वेगळा होता. जिन्यातली एक खिडकी धाडकन बंद झाली.

"बाप रे," मावशी म्हणाली. "धुलाईची पाळी यानेच सुटते की काय?"

ताईला हसू आवरेना, आणि हसता हसता पोट दुखायचं ती विसरून गेली. पोराचं नाव जिन्यातल्यांनी आधीच भोंगा ठेवलेलं होतं.

मावशी आत आली. एकच खोली, पण लख्ख. दोरीवर कपडे ओळीने, चपला ओळीने, भोंग्याची दुधाची बाटली उलटी करून फडक्यावर. खिडकीच्या गजाला कपड्याच्या चिमट्याने गणिताचं पुस्तक लावलेलं होतं, डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे पोर कडेवर असताना वाचता यावं. मावशी ते पुस्तक बघत राहिली. मग तिने पाण्याचा पेला रिकामा करून खाली ठेवला.

"उद्या याला घेऊन ये," ती म्हणाली.

"कुठे?"

"शाळेत. अजून कुठे?"

"बाई ओरडतील."

"ओरडू देत. याच्यापेक्षा मोठ्याने ओरडता येतं का बघू त्यांना."

शाळेत जिन्याखाली एक खोली होती. कसरतीच्या जुन्या गाद्या आणि मोडकी बाकं तिथे टाकलेली असत. मावशीने ती धुऊन काढली, गाद्या उन्हात टाकून बडवल्या, आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याला तिथे बसवलं. तिसऱ्या दिवशी आणखी एक आलं. आठवड्याभरात बातमी धुलाईभर झाली, आणि थोरल्या मुली कडेवर, बोटाला, पाठुंगळीला धाकटी घेऊन शाळेच्या दारातून आत येऊ लागल्या.

मोठ्या बाईंनी मावशीला बोलावून घेतलं. "हे नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या.

"मग नियमाला जरा सरकून बसायला सांगा ना, बाई."

मोठ्या बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मैदानात सहावीच्या मुली प्रार्थनेला उभ्या होत्या, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती रांग सलग दिसत होती. "मी जिन्याच्या त्या बाजूला आलेच नाही, असं समज," त्या म्हणाल्या. आणि शब्दाच्या पक्क्या. वर्षभरात त्या तिकडे फिरकल्या नाहीत. स्वच्छतागृहाला जायचं तरी सगळ्या इमारतीला वळसा घालून जायच्या.

चमत्कार वगैरे झाला नाही. मुली आल्या, बसल्या, आणि रोज येणाऱ्या मुलांना जेवढं येतं तेवढं त्यांना येऊ लागलं. मधल्या सुट्टीत जिन्याखाली झुंबड उडायची. कोणाचं नाक पूस, कोणाची चड्डी बदल, कोणाला पावाचा तुकडा भरव. घंटा झाली की या सगळ्या चिमुकल्या आया पुन्हा विद्यार्थिनी होऊन वर पळायच्या. मावशीचे जिने निम्म्याने कमी झाले. "आता माझ्या लिफ्टवर काम कर," नवरा म्हणाला. पण धाकट्यांच्या मागे धावून तिचे गुडघे जास्तच दुखत होते.

रोज यायला लागल्यावर ताई काय आहे ते गणिताच्या सरांच्या लक्षात आलं. सर किडकिडीत, तापट, सदा खोकणारे. कोणाचं कौतुक केलं तर आपलंच काही कमी होईल, अशा बेताने बोलणारे. ते एके दिवशी मावशीला जिन्यात गाठून म्हणाले, "ती तुमची पोरगी... तिला मी वरच्या शाळेच्या परीक्षेला बसवतोय."

वरची शाळा म्हणजे टेकडीवरची. तीही सरकारीच, पण निवडक मुलांची. प्रयोगशाळा, ग्रंथालय, न्यायला-आणायला बस, दुपारचं जेवण, सगळं फुकट, आणि तिथे गेलेलं पोर पुढे कॉलेजपर्यंत आपोआप पोचायचं. तिची परीक्षा फक्त सहावीत देता यायची, आयुष्यात एकदाच. गोदामांच्या बाजूने तिथे कोणी गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सरांनी शाळा सुटल्यावर ताईला आणि आणखी काही मुलांना शिकवायला सुरुवात केली. भोंगा फळ्याखाली बसून खडू खायचा. सर त्याच्यावर खेकसायचे, आणि दुसऱ्या दिवशी घरून त्याच्यासाठी केळं आणायचे.

वस्तीत ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. धुलाईतल्या बायका ताईच्या आईला विचारायच्या, "काय, पोरगी डोंगरावर चालली म्हणे?" आई हसून मान फिरवायची. तिला तोंडाने बोलायची भीती वाटायची. एकदा ती मावशीला एवढंच म्हणाली, "तिचे हात माझ्यासारखे झाले नाहीत तर पुरे."

परीक्षा याच शाळेत, वरच्या मजल्यावर होती. त्या दिवशी बाकीच्या वर्गांना सुट्टी, आणि कार्यालयाचा हुकूम असा की परीक्षा देणारी मुलं आणि नेमलेले लोक सोडून इमारतीत कोणी नको. म्हणजे जिन्याखालची खोली बंद. आणि आयांची धुलाईला सुट्टी नाही. परीक्षेला बसणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी धाकटं होतं त्यांनी काय करायचं?

"मी आहे ना," मावशीने आदल्या दिवशी जाहीर केलं. "मागच्या अंगणात घेऊन बसते सगळ्यांना. अंगण म्हणजे इमारत नव्हे."

ताईने तिला बाजूला घेतलं. "मावशी, नक्की कुठे बसाल?"

"टाकीजवळ. तुमच्या खिडकीच्या खालीच. वाकलीस तर दिसेन."

"तिथेच ना?"

"तिथेच. तू फक्त लिही. भोंगा माझ्याकडे लागला."

परीक्षेच्या सकाळी कार्यालयाचे पर्यवेक्षक आले. पोरगेलेसे, नवे करकरीत बूट घातलेले, बोलायला अगदी मऊ. त्यांनी मुलांना बसवलं, सूचना वाचून दाखवल्या. एकदा खोलीबाहेर गेलेल्याला परत आत घेतलं जाणार नाही, हीही त्यात होती. खाली टाकीच्या सावलीत मावशीने चादर पसरली. भोंगा, दिसेल ते चावणाऱ्या दोन जुळ्या बहिणी, आणि एक लठ्ठ बाळ, जे आणल्यापासून झोपलेलंच होतं. मावशीने विणकाम काढलं. सगळं छान चाललं होतं.

मग भोंग्याचं बिस्किट मोडलं.

मावशीने दुसरं दिलं. नको होतं. तेच हवं होतं, आणि न मोडलेलं हवं होतं. भोंग्याने दोन तुकडे दोन हातांत घेतले, एकमेकांना लावून बघितले, ते चिकटत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने तोंड उघडलं.

मावशीने किल्ल्या वाजवल्या. नाकावर बोट ठेवून डोळे फिरवले. गाणं म्हटलं, कावळा दाखवला, स्वतः रडल्याचं सोंग केलं. ते सोंग पाहून जुळ्याही रडायला लागल्या. भोंगा एका सुरात चालूच. मधे श्वास घ्यायला थांबायचा तेवढीच शांतता, आणि ती शांतता संपणार हे ठाऊक असल्याने तीही नकोशी. वरच्या मजल्यावर मदतीला नेमलेले गणिताचे सर खिडकीशी आले आणि त्यांनी खाली बघून दोन्ही हात जोडले. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग त्याच खिडकीत ताई दिसली. क्षणभरच. तिने वाकून खाली बघितलं. मावशीने हात हलवून 'काही नाही, काही नाही' अशी खूण केली. चेहरा नाहीसा झाला.

पोरीचं चित्त उडालं. भाऊ एवढा टाहो फोडतोय, कुठल्या बहिणीचा हात चालेल? आता उठणार ती, पेपर टाकून खाली येणार. काहीही करून हा आवाज तिच्या कानांआड न्यायला हवा. बाकं हलवायची ढकलगाडी अंगणात भिंतीला टेकलेली होती. मावशीने तिच्यावर चादर टाकली, झोपलेलं बाळ ठेवलं, जुळ्या ठेवल्या, किंचाळणारा भोंगा मधे कोंबला, आणि गुडघ्यांना शिव्या घालत ती वरात मागच्या फाटकातून बाहेर काढली. गोदामांच्या कडेकडेने, वळणावरून आत, धुलाईच्या मागच्या दरवाजापर्यंत. रस्त्यातले लोक थांबून बघत होते. मावशीला कोणाची पर्वा नव्हती.

धुलाईच्या मागे एक ट्रक उलटा लावत होते. वाफेचा ढग, चाकांची घरघर, आणि हात हलवणारा माणूस. भोंग्याने ट्रक पाहिला आणि नळ बंद केल्यासारखा गप्प झाला. तोंड उघडंच, पण आता कौतुकाने. मावशी पायरीवर बसली आणि तिने पदराने घाम पुसला. आपल्याला हे सुचलं याचं तिला फार बरं वाटलं. आता लिही बाई, निवांत लिही, ती मनात म्हणाली.

ट्रक भरून निघून गेला, दुसरा लागला. तेवढ्यात वळणावरून ताई धावत आली. केस सुटलेले, हातात पेन्सिल, चेहरा चादरीसारखा पांढरा. आधी भलत्याच दिशेला शोधून आली होती. तिने भोंग्याला उचललं, त्याचे हातपाय चाचपले, डोक्यावरून हात फिरवला, आणि मग ती त्याला घेऊन रस्त्यातच बसली.

"कुठे गेला होतात?" ती म्हणाली. "तिथेच बसणार होतात ना?"

"अगं, पेपर!" मावशी ओरडली. "ऊठ, पळ!"

दोघी पळाल्या. मावशी इतकी कधी पळाली नव्हती. पर्यवेक्षक जिन्याच्या तोंडाशीच उभे होते.

"साहेब, पोरगी काही पळून गेली नव्हती. भाऊ शोधायला गेली होती. चूक माझी आहे, मी घेऊन गेले त्याला."

"मला कळतंय हो," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच कळत होतं. त्यांनी कार्यालयाला फोन लावला. पलीकडून कोणीतरी विचारलं असावं, कारण त्यांनी भोंग्याकडे बघून सांगितलं, "नाही, मुलाला काही लागलेलं नाही." मग बराच वेळ 'हो, हो' म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. शेवटचा, सगळ्यात जास्त गुणांचा भाग कोरा राहिलेली ताईची उत्तरपत्रिका त्यांनी पाकिटात घातली. गणिताचे सर पायरीवर बसून खोकत होते, आणि खोकला थांबल्यावरही त्यांनी रुमाल डोळ्यांवरून काढला नाही.

ताई रडली नाही. तिने भोंग्याला कडेवर घेतलं आणि मावशीला विचारलं, "हा पाणी प्यायला का?"

निकाल लागला. ताईची निवड थोडक्यात हुकली. तिने सोडवलं होतं तेवढं सगळं बरोबर होतं, हे सरांनी कुठूनसं काढलं, आणि ते सांगून मावशीला आणखीच मारलं.

मावशीचं अन्नावरून मन उडालं. नवरा पानाशी तिच्यासमोर बसून राहिला. "तू मुद्दाम केलंस का?" तो म्हणाला.

"नाही."

"मग कशाला जिवाला लावून घेतेस?"

"मी लावून घेऊ नको तर कोणी घ्यायचं? कार्यालयाने?"

त्याने तिच्या पानातली गार भाकरी उचलली आणि गरम ठेवली.

शेवटी ती ताईच्या घरी गेली. आयुष्यभर दारं ठोकलेली ही बाई त्या दारासमोर हात वर करून तशीच उभी राहिली. हात पुढे जाईना. दार आतूनच उघडलं, ताईची आई कचरा टाकायला निघाली होती. नुकतीच पाळीवरून आलेली, हात अजून लाल.

"माझं चुकलं," मावशी दारातच म्हणाली.

आईने तिच्याकडे बघितलं. "मी तुम्हाला खूप शिव्या घातल्या," ती म्हणाली. "मनातल्या मनात. पाळीभर."

"अजून घाला."

"संपल्या." आईने दार पूर्ण उघडलं. "तुम्ही नसतात तर ती त्या बाकापर्यंतसुद्धा पोचली नसती, तेही खरंय. या आत."

ताई खिडकीखाली भोंग्याचं डोकं पुसत होती. तो आपला खुशाल, टॉवेलच्या आत गाणं गात. मावशी तिच्यासमोर जमिनीवर बसली. कित्येक दिवस जे मनात घोळत होतं ते तिने एका दमात बोलून टाकलं.

"मला उशीर झाला गं. तो रडायला लागल्या लागल्या त्याला उचलून लांब न्यायला हवा होता. तुझ्या कानावर पडायच्या आत. मी आपली किल्ल्या वाजवत बसले. तो इतका रडला म्हणून तुला उठावं लागलं."

ताईचा हात थांबला. तिला पहिल्यांदा कळेचना, मावशी काय म्हणतेय.

"नाही मावशी," ती म्हणाली. "रडत होता तोवर मी लिहीत होते."

"म्हणजे?"

"रडतोय म्हणजे ठीकच आहे ना तो. एकदा बघून घेतलं खिडकीतून, तुमच्याजवळ होता. म्हणून बसले परत. छान चाललं होतं. शेवटचा भाग काढला, पहिलं गणित वाचलं, आणि आवाज लांब लांब गेला. मग एकदम बंदच झाला." तिने भोंग्याच्या कानामागे टॉवेल फिरवला. "परत खिडकीतून बघितलं तर खाली कोणीच नाही. मग मला गणित दिसेचना."

मावशी म्हणजे तीन भावंडं कडेवर वाढवलेली बाई. पोर गप्प झालं की हातातलं टाकून धावायचं, हे तिला सहावीच्या वयात या मुलीइतकंच कळत होतं, आणि मधल्या एवढ्या वर्षांत ते कुठे सांडलं कोणास ठाऊक. तिला रडू आलं आणि ते तिने आवरलं नाही. आई कोपऱ्यात पाठ करून उभी होती, आणि भोंगा गाणं थांबवून टक लावून बघत होता.

ताईने टॉवेलचं कोरडं टोक शोधून मावशीच्या हातात दिलं.

"पुढच्या वर्षी जिची परीक्षा असेल ना, तिचं धाकटं रडलं तर रडू द्या," ती म्हणाली. "तिथेच बसा, आणि रडू द्या."